तीन शालींची स्कॉलरशिप

आमच्या घरी पावसाळा आला हे आभाळाकडे बघून कळत नसे, मायच्या आवाजावरून कळे. उन्हाळाभर ती माणसासारखी बोलायची. पण पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभर झाली आणि रोवणीसाठी बाया ठरवायचे दिवस आले, की तिचा आवाज अंगणातून निघून दोन बांध्यांपलीकडे काम करणाऱ्या माणसाला दचकवून परत यायचा. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर. आमच्याकडे जमीन एकरांत विकतात आणि बांध्यांत भांडतात. घर आमगावपासून सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. सकाळी उठायचं ते लांबून येणाऱ्या पॅसेंजरच्या शिट्टीनं, आणि शिट्टी ऐकू आली नाही तर मायनं आपटलेल्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, आवाजानं. खाण्याची चंगळ नव्हती, पण कमीही काही नव्हतं: भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, पाऊस पडला की तरोट्याची भाजी, आणि कोणी जंगलाकडून आलं तर वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. वास्त्यांचा वास पाहुण्यांना सोसत नसे, म्हणून नको असलेले पाहुणे आले की माय मुद्दाम वास्ते करायची. घरी आम्ही पोवारी बोलायचो. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर वाचकाला दुभाषा लागेल, म्हणून मी सगळ्यांना गावातल्या झाडीबोलीत बोलायला लावलं आहे. त्यांच्यापैकी तक्रार करायला आता कोणी उरलेलं नाही.

त्या वर्षी बारावीच्या परीक्षेत मी आमच्या केंद्रात पहिली आले. हे वाक्य पुढे माझ्याबद्दल इतक्या वेळा माइकवरून बोललं गेलं की त्यातली खरी गोष्ट सांगायला हवी: आमच्या केंद्रात सायन्सची मुलं बेताचीच होती, आणि त्यातला जो खरोखर हुशार होता त्याला गणिताच्या पेपरच्या दिवशी गोवर निघाला होता. तरी पहिली ती पहिली. बाबूजींनी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली, नव्या नोटेसारखी उजेडात धरली आणि मायला म्हणाले, "पोरगी पास झाली." मग मला म्हणाले, "आता काय करतं?"

मी म्हटलं, "शिकतो." आमच्याकडे मुलीही असंच म्हणतात.

"कोठं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हे माझं खरं संकट होतं आणि मी ते पुढचे दोन महिने जगापासून लपवून ठेवलं. मला शिकायचं होतं एवढं नक्की होतं. कुठे आणि काय, याचा पत्ता नव्हता. गोंदिया मी दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा चष्म्यासाठी. नागपूर एकदा पाहिलं होतं, मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी, आणि नागपूर म्हणजे फिनाइलच्या वासाचा एक लांब व्हरांडा अशी माझी समजूत होती. कॉलेज आतून कसं दिसतं हे सांगू शकेल असं घरात एकच माणूस होतं, माझा थोरला भाऊ. तो दोन वर्षं गोंदियाला शिकून परत आला होता. कॅरम फार सुंदर खेळायचा.

त्या भावामुळेच बाबूजींनी माझ्यापुढे अट ठेवली. पैसे नव्हते असं नाही. शेती बरी होती, घरात दोन बैलजोड्या होत्या, आणि बाबूजी कोणाला हात पसरणारे नव्हते. पण भावावर घातलेला विश्वास वाया गेल्याचं त्यांच्या मनात राहिलं होतं. ते म्हणाले, "नवीन बियाणं आलं तं मी पहिल्या साली लावत नाई. दुसऱ्याच्या बांधीत पिकलेलं पाह्यतो, मंग लावतो. तुह्यावर बाहेरच्या कोण्या माणसानं भरवसा ठेवला, स्कॉलरशिप देल्ली, तं जाय. नाई देल्ली तं घरी राह्य. मी नाई नाई म्हणून राहिलो. पण हो भी नाई म्हणून राहिलो."

"कवापर्यंत?" मी विचारलं.

"रोवणा संपेपर्यंत."

अशी मुदत जगातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या प्रवेशपत्रिकेत नसेल. पण आमच्याकडे ती पक्की होती. रोवणा संपायच्या आत कोणी परक्या माणसानं मला लायक म्हटलं पाहिजे, नाहीतर शिक्षण बारावीला संपलं. मायला या अटीत काही वावगं वाटलं नाही. तिनं रोवणीच्या बायांच्या मोजणीत माझं नाव धरूनच ठेवलं होतं.

या वेळी टेकचंदमामा मदतीला आला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, आमच्या गावातला पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे त्याच्या घराची ओसरी, एक टेबल, एक शिक्का आणि लाखेची पेटी. गावात येणारी दोन वर्तमानपत्रं वर्गणीदारांच्या आधी मामा वाचत असे, त्यामुळे तालुक्यात कोण कोणाच्या स्मृतीत काय वाटत आहे याची जेवढी माहिती त्याला होती तेवढी स्मृतीत गेलेल्यांच्या घरच्यांनाही नसेल. त्यानं माझ्या मायला सांगितलं, "बाई, तू पोरीले चिखलात उतरवू नको. हिले मी स्कॉलरशिप आणून देतो." आणि मला ओसरीवर बसवून त्यानं आपलं तत्त्वज्ञान सांगितलं.

"लोक पह्यले कालेज पाह्यतात, आन मंग पैशासाठी दारोदार फिरतात. उलटं काम हाय ते. पाणी कोठून येते ते पह्यले पाह्याचं. पाट जिकडं जाते तिकडं बांधी. कालेज काई पळून नाई चाललं."

"पण मामा, मले कोठं जायाचं ते मलेच नाई मालूम."

"तेच तं चांगलं हाय! ज्याचं ठरलेलं राह्यते त्याले एकच अर्ज करता येते. तुले कितीक करता येतात."

परवा माझ्या भाचीची मुलगी फोन घेऊन माझ्याकडे आली. तिला कॉलेज ठरायच्या आधी स्कॉलरशिपा बघून ठेवायच्या होत्या. तिच्या फोनवर कुठल्याशा बाईंचं भाषण चालू होतं: लवकर सुरुवात करा, अनेक ठिकाणी अर्ज करा, देणाऱ्याला काय हवं ते समजून घ्या, निबंधात स्वतःचा आवाज येऊ द्या. पोरगी म्हणाली, "आजी, कित्ती मस्त सांगते ना?" मी म्हटलं, हे सगळं आमच्या मामानं लाखेच्या पेटीवर कोपर टेकून सांगितलं होतं, फक्त स्वतःच्या आवाजाचा मुद्दा त्याला मान्य नसता. मामाच्या मते निबंधात आवाज यावा तो देणाऱ्याचा. "मार्कं सगळ्यायलेच राह्यतात," तो म्हणायचा. "देणाऱ्याले आपलं नाव आयकाचं राह्यते."

अर्ज तीन ठिकाणी करायचे ठरले. पहिली स्कॉलरशिप आमगावच्या एका राइस मिलवाल्या शेठजींची, त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. शेठजी मूळचे गोंदियाचे, तिथल्या एका कॉलेजच्या मंडळावर होते, आणि आपल्या पैशानं शिकणारं मूल आपल्याच कॉलेजात दिसावं असं त्यांना वाटे. दुसरी आमच्या समाजाच्या संस्थेची. संस्थेनं नागपुरात मुलींचं वसतिगृह बांधलं होतं, उद्घाटनही झालं होतं, फक्त मुली नव्हत्या. संस्थेचे सचिव त्यामुळे गावोगाव मुलींच्या शोधात फिरत, आणि हे वाक्य लिहिताना लक्षात येतं की त्यांचा नेहमी गैरसमज का होत असे. तिसरी बोपचे गुरुजींची. ते निवृत्त हेडमास्तर. बायको वारल्यावर त्यांनी तिच्या नावानं, शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या एका मुलीसाठी, स्वतःच्या पेन्शनमधून ती ठेवली होती. तिघांनाही अर्जासोबत एक निबंध हवा होता: पुढे काय करणार, आणि का.

शेठजींनी मुलाखतही घेतली. मिलच्या ऑफिसात ते गादीवर बसले होते, मागे वडिलांचा हार घातलेला फोटो, आणि बाहेर धान भरडणाऱ्या हलरचा असा आवाज की प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागत होता.

"बेटी, कितने टक्के आए?"

मी सांगितलं.

"अच्छा. और आगे गोंदिया में ही पढ़ोगी ना? नागपूर जाके क्या करेगी? सब बिगड़ के आते हैं."

मामा माझ्या आधी म्हणाला, "नागपूर का तो नाम भी मत लो शेठजी. हमारी लड़की को नागपूर का पानी भी नहीं चलता."

दोन दिवसांनी आमच्या ओसरीवर सचिव आले. त्यांनी चहा घेतला, वसतिगृहाचा नकाशा उलगडला आणि विचारलं, "नागपूरला राहायची तयारी आहे ना मुलीची? नाहीतर आजकाल सगळ्यांना गोंदियाच बरं वाटतं." मामा म्हणाला, "गोंदियात काय ठेवलं हाय साहेब? मच्छर." सचिवांनी ते वहीत लिहून घेतल्यासारखी मान हलवली. मला खरंच दोन्ही पटत होतं.

निबंध मामानं सांगितले आणि मी लिहिले. अक्षर माझं, विचार त्याचे, आणि भाषा वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजल्यांची. पहिल्यात मी गोंदियात राहून विज्ञानाची पदवी घेऊन शेठजींच्या वडिलांच्या, म्हणजे एका हलरपासून सुरुवात करणाऱ्या त्या थोर पुरुषाच्या, पावलावर पाऊल टाकणार होते. हलरच्या बाबतीत ते पाऊल कसं टाकायचं हे मामालाही सांगता आलं नाही. दुसऱ्यात मी नागपूरला जाऊन डॉक्टर होऊन समाजाचं नाव उज्ज्वल करणार होते. तिसऱ्यात मी मास्तरीण होऊन खेड्यातल्या लेकरांना शिकवणार होते. तिन्ही निबंध मी एका रविवारी दुपारी लिहिले. माय दारात येऊन म्हणाली, "तीन-तीन जागी नांदायले जातं का वो?" मामा म्हणाला, "बाई, एका जागी तरी नांदली पाह्यजे म्हणून तं तीन पाहून राहिलो."

पंधरा दिवसांत तिन्हीकडून होकार आला. ती पत्रं मामाच्याच थैलीतून आली आणि त्यानं ती फोडल्यासारखी दिसणार नाहीत अशी फोडून, नाचत घरी आणली. घरात असा आनंद झाला की मायनं गुळाचे आयते, म्हणजे तांदळाची धिरडी, केले, आणि बाबूजींनी तिन्ही पत्रं खाटेवर ओळीनं मांडून ठेवली. "तिघं?" ते म्हणाले. "तिघायनं भरवसा ठेवला?" त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहिलं की आपण बियाणं ओळखायला चुकलो की काय असं माणसाला वाटतं तेव्हा तो कसा दिसतो. मामाची योजना साधी होती: तिघांपैकी जो जास्त देईल त्याचं घ्यायचं, बाकीच्या दोघांना नम्र पत्र लिहून तब्येतीचं कारण सांगायचं. अशी पत्रं लिहायला त्याला आवडायचं.

पण रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे माणूस मिळत नाही. लग्नाला मिळत नाही, मयताला कसाबसा मिळतो, सत्काराला तर मुळीच नाही. तिन्ही दात्यांना आपापला सत्कार-समारंभ करायचा होता, आणि तिघांनाही तीच अडचण आली: खुर्च्या आहेत, हार आहेत, टाळ्या वाजवायला कोणी नाही. तेव्हा बोपचे गुरुजींनीच, आयुष्यभर तीन वर्ग एका खोलीत शिकवायची सवय असल्यामुळे, सुचवलं की मंडप एक करावा. मामाच्या थैलीत एक दिवस छापील कार्ड आलं. एकाच कार्डावर शेठजी, सचिव आणि गुरुजी, तिघांची नावं, ठिकाण शेठजींची मिल, वेळ दुपारची, पुरी-भाजी आणि बुंदीची सोय. मामा ते कार्ड हातात धरून आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडाचा रंग पाहून मायला वाटलं कोणी गेलं.

"तिघं बी एका ठेज्यावर!" तो म्हणाला.

ठेज म्हणजे स्टेज. मामा घाबरला की इंग्रजीही गावातलं बोलायचा.

"मंग आता?" मी विचारलं.

मामानं रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी तो शांत होता. "माइक मी धरतो," तो म्हणाला. "ज्याच्या हातात माइक त्याचं खरं. कालेजचं नाव आलं का मी खोकलतो." आणि खरोखर, त्यानं आमगावला जाऊन सूत्रसंचालनाचं काम फुकट मागून घेतलं. कोणाला आश्चर्य वाटलं नाही. फुकट सूत्रसंचालन करणारी माणसं आमच्या जिल्ह्यात कधीच कमी पडली नाहीत.

समारंभाच्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. मिलच्या अंगणात पत्र्याखाली स्टेज होतं, हवेत कोंड्याचा आणि उकड्या तांदळाचा गरम वास होता, आणि खुर्च्यांवर बसलेल्या निम्म्या बायांच्या पायांवर चिखल अजून वाळत होता, कारण शेठजींनी बुंदीचा निरोप थेट बांध्यांपर्यंत पाठवला होता. माय त्यांच्यातच होती. बाबूजी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, धोतर नीट करून बसलेले. पाहुण्यांना घालायला हार चार आणले होते आणि पाहुणे सहा झाले, म्हणून दोन हार उतरवून पुन्हा घातले गेले. टाळ्या मात्र दर वेळी नव्या वाजल्या. सत्काराला इतर गावांतली दोन मुलंही होती, पण तिन्ही स्कॉलरशिपांत समान नाव माझं एकटीचं होतं, आणि हे त्या घटकेपर्यंत स्टेजवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की ही मुलगी आपली आहे आणि बाकीचे दोघे मोठ्या मनानं टाळ्या वाजवत आहेत.

आधी तिघांनीही मला शाल घातली. मामानं हा क्रम मुद्दाम लावला होता: शाली आधी, कोणती कोणत्या स्कॉलरशिपची ते न सांगता, आणि भाषणं नंतर. तीन शाली एकावर एक घालून मी पावसाळी दमटपणात उभी होते आणि घाम पाठीवरून वाहत होता. मग शेठजी उठले. मामानं माइक घट्ट धरला होता, पण शेठजींनी तो नुसता हात पुढे करून घेतला, कारण मिल त्यांची होती. त्यांनी खिशातून माझा निबंध काढला, चष्मा लावला आणि वाचायला लागले:

"'लहानपणापासून माझे एकच स्वप्न आहे.' देखिए, कितना अच्छा लिखा है! 'गोंदियातील महाविद्यालयात शिक्षण घेऊन...'"

मामा खोकला. माइक शेठजींच्या हातात असल्यानं ते खोकणं फक्त पहिल्या रांगेला ऐकू आलं. सचिवांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. शेठजींचं झाल्यावर ते उठले. त्यांच्या आवाजात थोडा ताण होता. "समाजाच्या संस्थेकडे आलेला या विद्यार्थिनीचा निबंधही मी वाचून दाखवतो," ते म्हणाले. "'लहानपणापासून माझे एकच स्वप्न आहे. नागपूर येथे राहून वैद्यकीय...'"

मागून कोणी तरी हसलं. मामाकडे निबंधाची सुरुवात एकच होती. तिन्हीकडे त्यानं तीच वापरली होती. तीन माणसं ती एकाच दुपारी मोठ्यानं वाचतील हे त्याच्या पाटाच्या आणि बांध्यांच्या हिशेबात नव्हतं. शेवटी बोपचे गुरुजी उठले. ते हळू चालत आले, माइक तोंडाजवळ नेला, आणि कागद न उघडता श्रोत्यांकडे पाहून म्हणाले, "लहानपणापासून..."

"...माझे एकच स्वप्न आहे!" चिखलाच्या पायांच्या बायांनी एका आवाजात पूर्ण केलं. मिलचं अख्खं अंगण हसण्यानं फुटलं. पुढच्या रांगेतली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "एकच म्हणते आन तीन कशी वो?" शेजारीण म्हणाली, "सपन एकच हाय बाई, नवरे तीन हायत." हसणं एकदा थांबलं आणि मायच्या मोठ्या आवाजानं पुन्हा सुरू झालं, कारण ती सगळ्यांपेक्षा जोरात हसत होती.

शेठजी उभे राहिले. "ये तो धोखा है," ते म्हणाले. सचिवांनी "समाजाची दिशाभूल" हे शब्द दोनदा उच्चारले. मामा स्टेजच्या कडेला अशा जागी उभा होता जिथून उडी मारली तर थेट कोंड्याच्या ढिगात पडता आलं असतं. मला बाबूजी दिसत होते. ते हसत नव्हते. तिन्ही शाली अंगावरून उतरल्या तर त्यांच्याबरोबर काय उतरेल हे मला आणि त्यांना, दोघांनाच कळत होतं.

गुरुजींनी मला जवळ बोलावलं आणि माइक माझ्यासमोर धरला. "खरं कोणतं, बेटा?"

मला काहीतरी शहाणं सुचायला हवं होतं. मी म्हटलं, "एक बी नाई गुरुजी. मले कोणतंच कालेज मालूम नाई. गोंदियाचं एक पाह्यलं हाय, ते बी बाहेरून, चष्म्याच्या डाक्टरकडं जाताना."

"मंग लिहिलं कायले?"

"शिकायचं हाय म्हणून. कोठं ते नाई मालूम. पण रोवणा संपला का माह्यं शिकणं भी संपते."

आता कोणी हसलं नाही. एवढंच बोलून मी थांबले, आणि त्यामुळे पुष्कळ वर्षं लोकांनी मला धीट मुलगी म्हटलं. खरं म्हणजे पुढचं वाक्य मला येत नव्हतं.

शेठजींना आणि सचिवांना स्कॉलरशिप मागे घ्यायची होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण एक अडचण होती. अंगावर घातलेली शाल काढून घ्यायची रीत आमच्याकडे नाही. दिलेली गाय परत नेतात, ठरलेलं लग्न मोडतात, पण चारचौघांत घातलेली शाल कोणी उतरवत नाही. ज्यानं उतरवली तो जन्मभर शाल उतरवणारा म्हणून ओळखला जातो. आणि मी तर तीन घालून उभी होते. ज्यानं आधी हात पुढे केला असता त्याचंच नाव गावोगाव गेलं असतं, म्हणून कोणीच करत नव्हतं. शेवटी गुरुजी म्हणाले, "आत बसून बोलू." तिघं धान मोजायच्या काट्याच्या खोलीत गेले, पाच मिनिटांनी मिलच्या हमालानं बाबूजींना आत बोलावलं, आणि चहा आत गेला. बाहेर बुंदी वाटायला सुरुवात झाली. मामानं माझ्या द्रोणात स्वतःचीही बुंदी ओतली. आयुष्यात त्यानं मागितलेली ती एकमेव माफी.

आत काय झालं ते बाबूजींनी मला पुढे सांगितलं. शेठजी नागपूरला पैसे द्यायला तयार नव्हते. सचिव गोंदियाला द्यायला तयार नव्हते. गुरुजी कुठेही द्यायला तयार होते, पण शिक्षिका होणारच असं लिहून घेतल्याशिवाय नाही. माघार मात्र कोणालाच घ्यायची नव्हती. तासाभरानं ठराव झाला: तिघांनी मिळून एक स्कॉलरशिप द्यायची, आणि मुलीनं अशा गावी शिकायचं जिथे तिघांपैकी कोणाचंच काही नाही. त्या वेळी आमचा जिल्हा भंडारा होता, गोंदिया पुष्कळ नंतर वेगळा झाला. भंडाऱ्याला जिल्ह्याची सगळी माणसं कामं अडली की जात, आणि कामं झाली की लगेच परत येत. तिथे कोणाचं मन गुंतल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणून भंडारा ठरलं. लोक विचारवंतांचे दाखले देऊन सांगतात की माणसाच्या आयुष्याची दिशा कशानं ठरते. माझी तीन प्रतिष्ठित गृहस्थांच्या एकमेकांवरच्या अविश्वासानं ठरली, आणि ते तिघं गेल्यावर तिघांच्याही शोकसभेत मला "आमच्या संस्थेनं घडवलेली विद्यार्थिनी" म्हणून बोलावलं गेलं. तिन्ही वेळा मी गेले.

रोवणा संपायला चार दिवस होते. माय म्हणाली, "चार दिवस तरी उतर बांधीत," आणि मी उतरले. तिचं म्हणणं रास्त होतं. पाचव्या दिवशी बाबूजी आणि मी आमगावहून पॅसेंजरनं निघालो. मायनं आयते आणि जवसाची चटणी बांधून दिली होती, ती गोंदिया यायच्या आत बाबूजींनी संपवली. गोंदियाला गाडी बराच वेळ थांबली. मी खिडकीतून बघत राहिले. इथे मी शिकणार होते असं एका निबंधात लिहिलं होतं, आणि आता गाडी सुटताना मला त्याचं काहीच वाटलं नाही, याचं मला वाईट वाटलं. भंडारा रोड स्टेशनवर उतरून गावात जायला पुन्हा बस होती. कॉलेजच्या फाटकाशी आम्ही पोहोचलो तेव्हा बाबूजी थांबले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"आत गेल्यावर पुसतीन सगळे," ते म्हणाले. "काऊन आली भंडाऱ्याले. काय सांगशीन?"

"सांगीन, तिघायचं जमलं नाई म्हणून."

"नाई." ते माझ्याकडे न बघता फाटकाकडे बघत होते. "सांगजो, मले यायाचं होतं."

मी आत गेले. खिडकीवरच्या क्लार्कनं खरंच विचारलं, आमगावची मुलगी, गोंदिया सोडून इकडे कशी? मी म्हटलं, मला यायचं होतं. ते धडधडीत खोटं होतं. वर्गात विचारलं, वसतिगृहात विचारलं, प्रयोगशाळेत शेजारी बसणाऱ्या मुलीनं विचारलं, सगळ्यांना मी तेच सांगितलं. पुढच्या वर्षी नव्या आलेल्या एका मुलीनं विचारलं तेव्हाही तेच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लक्षात आलं की या वेळी मी खोटं बोलले नव्हते.